कोरी वही जपली, लिहिलेली हरवली

व्हिडिओ गेम म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आजही आठी चढते. पोर टीव्हीसमोर बसून डोळे बिघडवून घेते, अभ्यास बुडवते, हाक मारली तरी ओ देत नाही, ही तक्रार तीस वर्षांपूर्वी होती तशीच आजही आहे. तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण या तक्रारीच्या भरात एक गोष्ट आपल्या नजरेतून पार निसटली. याच यंत्रांसाठी काही कॅसेटी आणि सीडी अशा निघाल्या होत्या, की ज्यांत तयार खेळ नव्हताच. असला तर नमुन्यापुरता. त्यांत होती ती खेळ बनवण्याची हत्यारे. राक्षस कसा दिसेल, गावात किती घरे असतील, वाटेत भेटणारा म्हातारा नायकाला काय सल्ला देईल, शेवट गोड होईल की कडू, हे सारे ठरवायचे ते घरी बसलेल्या पोराने. आणि पोरांनी ते ठरवलेही. सुट्ट्याच्या सुट्ट्या खर्ची घालून त्यांनी आपापले खेळ रचले. प्रश्न एवढाच आहे की ते खेळ आज कुठे आहेत?

त्याचे उत्तर फारसे सुखाचे नाही. काही माळ्यावरच्या खोक्यांत आहेत, काही भंगारात गेले, आणि काही परक्या कंपनीच्या सर्व्हरवर होते ते सर्व्हर बंद झाल्यावर पुसले गेले. कंपन्यांनी काढलेले नामांकित खेळ जपून ठेवण्याची खटपट आता जगात बऱ्याच ठिकाणी चालते. संग्रहालये आहेत, संस्था आहेत, हौशी मंडळी तर गावोगाव आहेत. पण साध्यासुध्या माणसांनी त्या हत्यारांनी जे घडवले, ते कुणाच्याच यादीत नाही. माझ्या मते जतनाच्या या साऱ्या धडपडीतला हा सर्वांत मोठा खड्डा आहे. तो बुजवायला हाताशी असलेला वेळही फार थोडा उरला आहे.

या प्रकाराचे एक आरंभीचे उदाहरण जपानातले. १९८४ साली निन्टेन्डोने आपल्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी ‘फॅमिली बेसिक’ नावाचा संच काढला. त्यात एक कॅसेट आणि एक कीबोर्ड. टीव्हीला जोडायचे आणि बेसिक भाषेत आपला प्रोग्रॅम लिहायचा. पोराच्या वाट्याला जागा किती? जेमतेम दोन किलोबाइट, म्हणजे रोमन लिपीतला साधारण पानभर मजकूर. तेवढ्यात मारिओला धावायला लावायचे आणि शत्रूला उडवायचे. केलेले काम साठवायचे ते गाणी ऐकण्याच्या साध्या टेपवर. टेप रेकॉर्डर जोडला की प्रोग्रॅमचे रूपांतर चिरचिर आवाजात होई आणि तो आवाज टेपवर उतरे.

त्याच वर्षीचा ‘एक्साइटबाइक’ हा मोटारसायकलच्या शर्यतीचा खेळ आपल्याकडच्याही पुष्कळांना आठवत असेल. नव्वदच्या दशकात आपल्या बाजारपेठांत फॅमिकॉमच्या नकला सर्रास मिळत, आणि ‘इतके खेळ एकात’ अशी जाहिरात करणाऱ्या कॅसेटींत ही शर्यत हमखास असे. तिच्यात ‘डिझाइन’ नावाचा एक पर्याय होता. उंचवटे, चिखल, उतार आपल्या मनाप्रमाणे मांडून शर्यतीचा रस्ता स्वतःच तयार करायचा. आमच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावंडे जमली की हे रस्ते बांधण्याची चढाओढ लागे. दुपारी लाईट गेली की अर्धवट रस्ता जागच्या जागी नाहीसा होई. त्याचे कुणाला वाईट वाटत नसे असे नाही, पण संध्याकाळी पुन्हा नवा रस्ता सुरू होई. पडद्यावर ‘सेव्ह’ असा शब्द दिसे खरा. त्यामागची हकिकत मात्र मजेशीर आहे. साठवण्यासाठी लागणारा टेप रेकॉर्डर निन्टेन्डोने फक्त जपानात विकला. अमेरिकेत हा खेळ गेला तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत चक्क छापले होते, की साठवण्याची सोय या खेळात चालणार नाही, ती पुढेमागे येणाऱ्या उत्पादनांसाठी ठेवलेली आहे. ते उत्पादन तिथे कधी आलेच नाही. म्हणजे जपानबाहेर मुलांनी बांधलेला प्रत्येक रस्ता खटका बंद होताच संपायचा, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलेच होते.

पुढे हत्यारे सुधारत गेली. अथेना या कंपनीने १९९१ मध्ये ‘देझाएमॉन’ काढला. विमाने आणि गोळ्यांचा खेळ स्वतः बनवण्याचे ते साधन. त्यात एकेक ठिपका भरून चित्र काढायचे, संगीतही आपणच जुळवायचे. त्याच्या आवृत्त्या पुढे सुपर फॅमिकॉम, प्लेस्टेशन, सेगा सॅटर्न आणि निन्टेन्डो ६४ या यंत्रांसाठी निघाल्या. आस्की कंपनीच्या ‘आरपीजी त्सुकूरु’ने तर कथा सांगणाऱ्या खेळांचे दालनच सामान्यांना उघडून दिले. ‘त्सुकूरु’ या शब्दात बनवणे या अर्थाचे जपानी क्रियापद आणि इंग्रजी ‘टूल’ यांची कोटी आहे. सुपर फॅमिकॉमवर त्याचे दोन भाग १९९५ आणि १९९६ साली आले, प्लेस्टेशनवर १९९७ मध्ये, आणि २००० साली तो ‘आरपीजी मेकर’ या नावाने अमेरिकेत पोचला.

या हत्यारांतून काय निघू शकते याचा एक दाखला देतो. १९९६ साली जपानात ‘कॉर्प्स पार्टी’ नावाचा भुताटकीचा खेळ तयार झाला, तो याच त्सुकूरुच्या संगणकावरच्या आवृत्तीत. पुढे त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, कॉमिक आले, ॲनिमेशन आले. पण इथे एक बारीकसा फरक ध्यानात घ्यायला हवा. हा खेळ संगणकावर होता. संगणकावरची फाइल फ्लॉपीवर उतरवता येते, मित्राला देता येते, चार ठिकाणी ठेवता येते. टीव्हीला जोडायच्या यंत्रात ती मुभा नव्हती. तिथे केलेले काम त्या कॅसेटच्या पोटात राहायचे, आणि कॅसेट गेली की कामही जायचे. गुण कमी होता म्हणून ते खेळ विस्मरणात गेले असे नाही. त्यांना घराबाहेर पडायला दारच नव्हते.

हे पोट किती कमकुवत असते ते पाहिले तर काळजी वाटल्याशिवाय राहत नाही. त्या काळातल्या अनेक कॅसेटींत साठवणीची जी चिप असे, तिला सतत थोडीशी वीज लागे. ती पुरवायला आत मनगटी घड्याळात असतो तसा एक बटणसेल डाखलेला असे. सेल चालू आहे तोवर काम शाबूत. सेल संपला की पाटी कोरी. पंधरा-वीस वर्षे टिकले तरी पुष्कळ, आणि त्या कॅसेटींना आता तीस वर्षे होत आली. सेगा सॅटर्नची गत याहून नाजूक. त्याच्या पोटातली ३२ किलोबाइटांची साठवण अशाच एका सेलवर चाले, आणि तो काही वर्षांतच बदलावा लागे. प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डाला सेल लागत नाही, त्यामुळे ते जरा दमदार. पण त्याची जागा १२८ किलोबाइट, पंधरा खणांत वाटलेली. मोठा खेळ रचायचा तर त्यातले कितीतरी खण लागत. मग धाकट्या भावाला फुटबॉलचा गुणफलक साठवायचा असला की थोरल्याची दोन महिन्यांची कथा पुसली जाई. कितीतरी घरांत अशी भांडणे झाली असतील आणि त्या भांडणांत कितीतरी राज्ये बुडाली असतील.

जे काम कुणी तरी अनेक प्रतींत काढले, तेच सुखरूप राहिले. याचे उत्तम उदाहरण सोनीच्या ‘नेट यारोझे’चे. हौशी लोकांनी घरबसल्या प्लेस्टेशनसाठी खेळ लिहावेत म्हणून सोनीने १९९६-९७ च्या सुमारास एक काळ्या रंगाचे खास यंत्र विकायला काढले. त्यावर झालेले कित्येक खेळ ब्रिटनमधल्या अधिकृत प्लेस्टेशन मासिकाने आपल्या सोबतच्या सीडीवर छापून वाटले. त्या सीडी असंख्य घरांत गेल्या आणि म्हणूनच ते खेळ आजही खेळता येतात. त्यांत भारी खेळ होते तसे सामान्यही होते. वाचले ते गुणांमुळे नव्हे, प्रती निघाल्यामुळे.

इंटरनेट आल्यावर हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. झाले उलटेच. २००८ साली सोनीच्या प्लेस्टेशन ३ साठी ‘लिटलबिगप्लॅनेट’ आला. खेळा, बनवा, वाटा, हेच त्याचे ब्रीद. लोकांनी लाखो खेळपट बनवून कंपनीच्या सर्व्हरवर चढवले. प्लेस्टेशन ३ चे हे सर्व्हर २०२१ मध्ये बंद झाले. नंतरच्या यंत्रावर त्यातले काम पाहता येत होते, तेही सर्व्हर जानेवारी २०२४ मध्ये थांबले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते कायमचे बंद झाल्याचे सांगण्यात आले. चाहत्यांनी आधीच सावध होऊन लाखो खेळपट उतरवून घेतले होते म्हणून बरे. निन्टेन्डोच्या ‘वॅरिओवेअर डीआयवाय’ या चिमुकले खेळ बनवण्याच्या साधनाची देवाणघेवाण २०१४ च्या मे महिन्यातच आटोपली होती.

‘सुपर मारिओ मेकर’ची कथा तर सांगण्यासारखीच आहे. २०१५ साली आलेल्या या साधनात नियम असा होता, की आपण बांधलेला टप्पा आपण स्वतः पार करून दाखवल्याखेरीज तो जगापुढे मांडता येत नसे. मांडल्यावरही त्याला पुरेसे ‘तारे’ मिळाले नाहीत, तर काही काळाने तो सर्व्हरवरून आपोआप काढून टाकला जाई. नवे टप्पे घेणे २०२१ च्या मार्चअखेर थांबले, आणि ८ एप्रिल २०२४ रोजी सर्व्हर बंद होणार असे जाहीर झाले. तेव्हा ‘टीम झीरो पर्सेंट’ नावाच्या खेळाडूंच्या गटाने एक विलक्षण काम तडीस नेले. ज्या टप्प्यांत बनवणाऱ्याखेरीज आजवर एकही माणूस शेवटापर्यंत गेला नव्हता, असे सगळे टप्पे शोधून ते पार करायचे त्यांनी वर्षानुवर्षे मनावर घेतले होते. शेवटी एकच उरला. तो बनवणाऱ्याने यांत्रिक मदत घेऊन पार केला होता, हे मार्चमध्ये उघड झाले. म्हणजे नियमाप्रमाणे तो गणतीतच नव्हता. तरीही मुदत संपायला तीन दिवस असताना, ५ एप्रिलला, एका खेळाडूने तोही हाताने पार केला.

काही जण या उद्योगाला वेड म्हणतील. मला त्यात मोठे सौजन्य दिसते. कुणा अनोळखी मुलाने काहीतरी बांधले, ते जगापुढे ठेवले, आणि इतक्या वर्षांत तिथे कुणी फिरकले नाही. दुकान बंद व्हायच्या आधी निदान एक माणूस तरी येऊन ते शेवटपर्यंत पाहून जावा, ही ती भावना. आपण म्हातारपणी एकट्या पडलेल्या शेजाऱ्याकडे उगाच डोकावून येतो, तिच्याच जातीची.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा, की यातले बहुतेक काम बाळबोध, अर्धवट आणि दुसऱ्याचे पाहून केलेले आहे. ते जपायचे कशाला? बाळबोध आहे हे मान्य. पण कोणते काम मोलाचे आणि कोणते टाकाऊ, हे त्याच काळातल्या लोकांना कळते असा अनुभव नाही. दळण दळता दळता बायकांनी म्हटलेल्या ओव्या अनेकांना लिहून ठेवण्याच्या लायकीच्या वाटल्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातली खेडी पालथी घालून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, तेव्हा बायांच्या मनातले केवढे जग त्यांत साठले आहे ते आपल्याला कळले. गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. गोळा करणारे आणखी वीस वर्षे थांबते तर हाती काय लागले असते? बारा वर्षांच्या मुलाने १९९६ साली आपल्या मनाने रचलेले गाव, त्यातली माणसे, त्यांचे संवाद हे त्या काळच्या बालमनाचे असेच अस्सल कागदपत्र आहे. मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेले पुष्कळ उरते. मुलांनी स्वतः केलेले फार थोडे उरते.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. सगळेच कशाला उरायला हवे? दारापुढची रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसतोच की आपण. खरे आहे. पण रांगोळी पुसते ती जिने काढली तीच. शेजारच्या इमारतीचा मालक मध्यरात्री येऊन ती पुसून गेला, तर आपण त्याला क्षणभंगुरतेचे सौंदर्य म्हणणार नाही. माझे काम मी मिटवावे हा माझा अधिकार. ते माझ्या नकळत, सेल संपला म्हणून किंवा सर्व्हरचा खर्च परवडत नाही म्हणून मिटावे, ही निराळी गोष्ट. वाद नेमका या फरकाचा आहे.

तिसरी गोष्ट खाजगीपणाची. जुन्या बाजारात विकत घेतलेल्या कॅसेटीत कुणा अनोळखी मुलाचा खेळ सापडतो. त्यात शाळासोबत्यांची खरी नावे असतील, एखाद्या मास्तरांची टिंगल असेल, एखादे कबुलीजवाबासारखे वाक्य असेल. ते मुलगे आणि मुली आज चाळिशीत आहेत. हे सारे सरसकट जगापुढे मांडणे मला पटत नाही. पण जपणे आणि प्रसिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दप्तरखान्यांत खाजगी पत्रव्यवहार वर्षानुवर्षे बंद ठेवतात आणि योग्य वेळी उघडतात. तोच रिवाज इथे चालू शकतो. बनवणारा सापडला तर त्याला विचारावे, नाही सापडला तर वाट पाहावी. मात्र वाट पाहण्यासाठीही मुळात ती वस्तू शिल्लक राहायला हवी.

कायद्याचा भाग सर्वांत गुंतागुंतीचा. अशा खेळात चित्रे, आवाज आणि चालवणारी यंत्रणा कंपनीची, तर कथा, रचना आणि कष्ट मुलाचे. त्यामुळे कंपनीही ते छापत नाही आणि मुलालाही छापता येत नाही. जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयात २००० सालापासून पुस्तकांप्रमाणे व्हिडिओ गेमच्या प्रतीही कायद्याने जमा होतात. उपक्रम स्तुत्य आहे. पण खेळ बनवण्याच्या साधनाची दुकानातली नवी प्रत जमा करणे म्हणजे कोरी वही जपून ठेवणे. तिच्यावर ज्याने त्याने जे लिहिले ते बाहेरच राहते. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत असे आढळले. ग्रंथालयांना असे जुने खेळ अभ्यासकांना दुरून पाहू देण्याची मुभा मिळावी, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. कंपन्यांच्या छापील मालाची ही अवस्था, तर घरगुती कामाला कोण विचारतो?

मग करायचे काय? कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. ज्या साधनात माणूस काही घडवू शकतो, त्यात ते काम बाहेर काढून आपल्याजवळ ठेवण्याची सोय विकतानाच असली पाहिजे. शिंप्याच्या यंत्रावर शिवलेला सदरा यंत्राच्या कारखानदाराचा होत नाही. सर्व्हर बंद करायचा तर जरूर करावा. धंदा आहे, तोटा कुणी सोसावा असे म्हणणे नाही. पण मुदत पुरेशी द्यावी, ज्याचे त्याला काम उतरवून घेता यावे, आणि उरलेला गठ्ठा एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावा. तारे कमी मिळाले म्हणून पुसणे तर पहिल्यांदा थांबवावे. सरकारांनी ग्रंथालयांना असा गठ्ठा घेण्याची, आणि वर म्हटल्याप्रमाणे बंद ठेवून जपण्याची, स्पष्ट परवानगी द्यावी.

पण कायदे होईतो सेल थांबणार नाहीत, म्हणून घरच्यांनाही दोन शब्द. परदेशी राहिलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांत नव्वदीतली ही यंत्रे असतील. ती भंगारात टाकण्याआधी कॅसेट आणि मेमरी कार्ड एकदा तपासावे. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: जुना सेल काढून नवा घालण्याची घाई करू नये. सेल काढताच आतले काम पुसले जाते. आधी कॅसेट किंवा कार्ड वाचणाऱ्या उपकरणाने आतला मजकूर संगणकात उतरवावा, मग सेलाला हात लावावा. अशी उपकरणे बाजारात मिळतात आणि ती हाताळणारे जाणकार हौशी लोक जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात असतात. फॅमिली बेसिकची टेप असेल तर काम आणखी सोपे. ती साध्या टेप रेकॉर्डरवर वाजवून आवाज संगणकात भरून घेतला की झाले. एकदा ही फाइल हाती आली, की जुन्या यंत्राचे सोंग आजच्या संगणकाकडून वठवून घेणारे एम्युलेटर नावाचे प्रोग्रॅम आहेत, त्यांत खेळ पुन्हा चालू होतो. फाइलच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. सोबत कागदावर नाव, वर्ष आणि खेळ कोणत्या साधनात केला ते लिहावे. ती चिठ्ठी नसेल तर पन्नास वर्षांनी ती फाइल म्हणजे कुलूप, आणि किल्ली हरवलेली.

आपण मुलांच्या पहिल्या चित्रांचे कागद फायलीत लावतो, शाळेतल्या निबंधाच्या वह्या उराशी धरतो. पडद्यावर केले म्हणून ते काम कमी कष्टाचे होत नाही. ज्या पोराला आपण ‘बस झाला तो खेळ’ म्हणून ओरडलो, ते कदाचित त्या वेळी खेळत नव्हते, लिहीत होते. काय लिहिले ते वाचण्याची संधी अजून थोडे दिवस आहे.